वाडा, छायाचित्र आणि नाव : मेणवलीच्या निमित्ताने एक टिपण

मराठेशाहीच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारले असता अस्सल कागद, बखरी, नाणी, शिलालेख ही नावे आमचे विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. छायाचित्राचे नाव त्या यादीत क्वचितच येते, आणि आले तरी शोभेपुरते. प्रबंधाच्या अखेरीस दहा-बारा छायाचित्रे जोडावयाची, प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहावयाची, की काम संपले. ती ओळ कोणी लिहिली, कशाच्या आधारे लिहिली, तीत योजलेला शब्द वाड्यात राहणाऱ्यांचा की पाहावयास आलेल्यांचा, ह्याची चौकशी प्रबंधकार करीत नाहीत आणि परीक्षकही करीत नाहीत. प्रस्तुत टिपणात ह्या एका ओळीचाच विचार करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तेव्हा त्याची नजर चित्रापेक्षा चित्राखालच्या शब्दाकडे आधी गेली तर नवल नाही. उदाहरणादाखल घेतला आहे तो मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा, त्याचा घाट आणि त्याभोवतालची जागा.

मेणवलीच का, ह्याचे उत्तर दोन सनांत आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३० मध्ये उभारावयास घेतला आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत तो जळाला. दागेर ह्याच्या प्रकाशचित्रणाच्या कृतीची माहिती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ मध्ये. ह्या दोन घटनांमध्ये अवघ्या अकरा वर्षांचे अंतर आहे. परंतु त्या अकरा वर्षांमुळे पेशव्यांच्या मुख्य निवासस्थानाचे आतून घेतलेले एकही छायाचित्र असणे शक्य नाही. आज आपण शनिवारवाड्याची म्हणून जी छायाचित्रे पाहतो ती तटाची, दिल्ली दरवाजाची आणि उघड्या जोत्यांची आहेत. वाडा त्यांत नाही. पुढे १८७९ च्या आगीत बुधवारवाडाही गेला. विश्रामबागवाड्यास त्याच वर्षी आग लागली, तरी तो उभा राहिला. तात्पर्य, अठराव्या शतकातील राहता वाडा, छपरासह, चौकांसह आणि परिसरासह पाहावयाचा, तर पुण्याबाहेर जावे लागते. मेणवली हे अशा मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे.

वाईपासून तीनेक किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी हे गाव आहे. वेळासच्या भानू घराण्यात जन्मलेले बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना (जन्म सातारा, १२ फेब्रुवारी १७४२) पानिपताहून जीव वाचवून परतले आणि पुढे फडणिशीच्या बळावर राज्याचे सूत्रधार झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मेणवली त्यांना १७६८ मध्ये इनाम मिळाली. औंधचे भवानराव त्रिंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री ह्यांनी ती दिली. त्यानंतर नानांनी तेथे गाव वसविले, नदीला घाट बांधला, देवालये उभारली आणि १७८० च्या सुमारास सहा चौकांचा, तटबंदीचा हा वाडा पुरा झाला. नाना स्वतः तेथे फार काळ राहिले असे म्हणवत नाही. कारभार पुण्यात, मसलती पुरंदरावर आणि पुण्यात. १३ मार्च १८०० रोजी मृत्यू आला तोही पुण्यातच. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मेणवलीची छायाचित्रे आज मुबलक आहेत. त्यांची चळत समोर घेऊन बसले की प्रथम एक गोष्ट ध्यानात येते : निम्म्याहून अधिक चित्रे घाटाची असतात. ह्यात आश्चर्य नाही. नदीच्या पलीकडून पाहिले असता पायऱ्यांची दगडी उतरंड, तिच्यामागे देवळांची शिखरे, झाडी आणि वर तटाची भिंत ही सारी एका चौकटीत नेमकी बसतात. परंतु ह्या चित्रातील नदी नानांच्या वेळची नाही. वरच्या अंगाला धोम येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरण झाले. पायरीला टेकलेले पाणी आता केवळ पावसावर अवलंबून नाही, ते धरणातून किती सोडले ह्यावरही अवलंबून आहे. घाटाच्या पायऱ्या किती खाली जातात हे छायाचित्रावरून मोजू पाहणाऱ्याने निदान चित्राचा महिना तरी विचारून घ्यावा.

ह्या घाटाचे दर्शन असंख्य लोकांना झालेले आहे, पण मेणवली म्हणून नव्हे. ‘मृत्युदंड’ (१९९७), ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४) ह्या हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण मेणवली-वाईच्या परिसरात झाले. पहिल्या दोहोंची कथा बिहारात घडते, तिसऱ्याची उत्तर प्रदेशातील चरणपूर नावाच्या कल्पित गावात. प्रेक्षकांपैकी कोणाला खटकले नाही. दगड, पाणी, पिंपळ आणि शिखर ह्यांना भाषा नसते. पात्रांच्या तोंडी भोजपुरी वळणाची हिंदी घातली की कृष्णाकाठ गंगाकाठ होतो. आम्हांस ही तक्रार म्हणून सांगावयाची नाही. चित्रपटाचा तो धर्मच आहे. परंतु छायाचित्र स्वतःहून स्थळाची साक्ष देते अशी जी समजूत आहे, तिला इतके उघड उत्तर दुसरे मिळणार नाही. स्थळाची साक्ष चित्राखालचा शब्द देतो, आणि तो शब्द बदलला तर चित्र मुकाट्याने नव्या शब्दामागे जाते.

ह्या सबंध परिसरात स्वतःचे लेखन स्वतःच्या अंगावर वागविणारी वस्तू म्हणून सहज डोळ्यांत भरते ती घाटावरची घंटा. मेणेश्वराच्या देवालयाजवळ एका लहान दगडी मंडपात ती टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती आहे आणि १७०७ हा सन आहे. परंपरा सांगते की चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा ही घंटा विजयचिन्ह म्हणून आली. अशा पोर्तुगीज घंटा भीमाशंकरास आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही आहेत. येथे छायाचित्र खरोखरच कागदाचे काम करते, कारण सन वाचता येतो. पण तो सन कशाचा? घंटा ओतली गेली त्याचा. वसई पडली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, नानांचा तर जन्मही झालेला नव्हता. ती मेणवलीस आली ती इनामानंतर, म्हणजे ओतल्यापासून साठ वर्षे उलटून गेल्यावरच. चर्चच्या मनोऱ्यातून शिवालयाच्या मंडपात झालेला तिचा प्रवास धातूवर कोठेही कोरलेला नाही. तो लोकांच्या बोलण्यात आहे. चित्राखाली नुसते ‘१७०७ ची घंटा’ असे लिहिणारा खोटे लिहीत नाही, परंतु अनभिज्ञ वाचकाला वाड्याचाच काळ सत्तर वर्षे मागे नेण्याची सोय करून ठेवतो.

आता घाट सोडून वाड्यात शिरू. येथपासून आमच्या विषयाचे खरे क्षेत्र सुरू होते.

मराठी वाड्याच्या भागांची नावे बाहेरून आत अशा क्रमाने मांडून पाहावीत. बाहेर बुरूज, दरवाजा, कमान, नगारखाना, पागा. जरा आत दिवाणखाना, कचेरी, दफ्तर, जामदारखाना, हौद. वर जावयाचे तर मजला. ह्यांतील बहुतेक शब्द फारसी किंवा फारसीमार्गे आलेले अरबी आहेत. आणखी आत गेले की ओसरी, माजघर, देवघर, कोठार, न्हाणी, कोनाडा. माजघर म्हणजे मध्यगृह. कोठार म्हणजे कोष्ठागार. न्हाणीत स्नान आहे, कोनाड्यात कोण आहे. ओसरीचे नाते प्राकृतापर्यंत नेता येते. डोक्यावरची तुळई ही संस्कृत तुला. म्हणजे वाड्याचे तोंड फारसी बोलते आणि पोट प्राकृत बोलते. सरकार-दरबाराशी ज्या जागेचा संबंध, तिचे नाव दरबारच्या भाषेतून आले. बायकामुलांचा, देवाचा आणि धान्याचा जिच्याशी संबंध, तिने आपले जुने नाव टाकले नाही.

ह्याचा सर्वांत सुंदर दाखला ‘दरवाजा’ आणि ‘दार’ ह्या जोडीत मिळतो. तटाला असतो तो दरवाजा. माजघराला असते ते दार. कोणी ‘दिल्ली दार’ म्हणत नाही आणि ‘देवघराचा दरवाजा’ हे शब्द जुन्या माणसाच्या कानाला आजही परके लागतात. गंमत अशी की फारसी ‘दर’ आणि संस्कृत ‘द्वार’ हे मुळात एकाच कुळातले. दोन भावंडे दोन देशांत वाढली आणि मराठी वाड्यात पुन्हा भेटली, ती एक देवडीवर आणि एक माजघरापाशी. त्यांच्या मधोमध असते ती दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातील लहान वाट. आणि हा शब्द द्राविडी भाषांकडून आलेला दिसतो.

अर्थात हा नियम लोखंडी नव्हे. ‘चौक’ (चतुष्क) हा शब्द वाड्याच्या अगदी बाहेरच्या भागातही चालतो. उलट मोठ्या घरच्या स्वयंपाकघरास ‘मुदपाकखाना’ म्हणत, आणि त्यात अरबी ‘मत्बख’ आहे. स्वयंपाकघर हे घराचे पोट असूनही त्याला दरबारी नाव का मिळावे? आमच्या मते उत्तर असे की मुदपाकखाना हे घरचे स्वयंपाकघर नव्हतेच. ते एक खाते होते, त्याला कारकून होता, हिशेब होता. त्याच वाड्यात घरच्या बायकांच्या चुलीला मुदपाकखाना म्हणत नसत. हा भेद मान्य केला तर अपवाद म्हणून पुढे आलेला शब्द नियमाच्याच बाजूने साक्ष देऊ लागतो. खुद्द ‘फडणीस’ ह्या पदनामाकडेही ह्याच दृष्टीने पाहावे. पूर्वपद फारसी ‘फर्द’ की देशी ‘फड’, हा वाद राहू द्यावा. उत्तरपद ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, हे फारसी आहे ह्यात वाद नाही. दरवाजावर ते पदनाम चालत होते. आत घरात ‘नाना’ होते.

हे सारे छायाचित्रात कोठे दिसते? कोठेच नाही. छायाचित्रात खांब दिसतात, कमानी दिसतात, पुराणातील प्रसंगांची भिंतीवर काढलेली चित्रे दिसतात. सुरूच्या झाडासारख्या आकाराचे कोरीव खांब आणि त्यांमध्ये तिरपे ऊन, हे तर वाड्यांच्या छायाचित्रकारांचे अत्यंत लाडके दृश्य. त्याखाली इंग्रजी वळणावर बेतलेले ‘बैठकीची खोली’, ‘व्हरांडा’, ‘अंगण’ असे शब्द लिहिले गेले, की वर सांगितलेली बाहेरून आत जाणारी उतरण पुसली जाते. ‘अंगण’ आणि ‘चौक’ ह्यांत फरक आहे : अंगण घरापुढे असते, चौक घराच्या आत, चारी बाजूंनी सोप्यांनी वेढलेला. दुसरी अडचण अशी की जुना शब्द योग्य रीतीने लिहिला तरी आजचा वाचक तो आजच्या अर्थाने वाचतो. ‘दिवाणखाना’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे सदनिकेतील कोच येतो; फडणिसांच्या घरी तेथे राज्याची कामे चालत. ‘चौक’ म्हटले की रस्ते मिळतात ती जागा. ‘खिडकी’ म्हटले की गज; परंतु शनिवारवाड्याचा ‘खिडकी दरवाजा’ हा माणसे ये-जा करण्याचा दरवाजा आहे. आणि ‘दप्तर’ म्हटले की शाळेतल्या मुलाची पाठीवरची पिशवी! रुमालात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यापासून त्या पिशवीपर्यंत हा शब्द कसा घसरत आला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मोजमापाची गोष्टही अशीच. वाड्याची खोली किती मोठी, हे जुना मनुष्य फुटांत सांगत नसे. तो खणांत सांगे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. दोन खणी माजघर, पाच खणी सोपा. (चोळीच्या कापडालाही खण म्हणतात; तेथेही तो मापाचाच तुकडा.) मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, हा अर्थ नोंदलेला आहे, आणि ती नोंद वाड्यांतून राहणारी पिढी हयात असतानाची आहे. आजचा छायाचित्रकार अरुंद जागेत उभा राहून रुंद कोनाचे भिंग लावतो. त्यामुळे जवळचा खांब राक्षसी दिसतो, पलीकडची भिंत मैलभर दूर जाते आणि बेताचा सोपा राजदरबार भासू लागतो. अशा चित्रावरून लांबीरुंदीचा अदमास करणे धोक्याचे. परंतु वर पाहून तुळया मोजल्या, तर भिंग कोणतेही असो, खण तेवढेच भरतात. जुने माप नव्या यंत्राच्या भुलीवर इतका सोपा उतारा देते. मात्र त्यासाठी चित्रात छत आले पाहिजे, आणि बहुतेक चित्रांत कडीपाट कापलेला असतो, कारण तो काळोखा असतो.

काळोखाचा हा मुद्दा गंभीर आहे. छायाचित्राला उजेड लागतो. वाड्यात उजेड असतो तो चौकात, ओसरीवर, सोप्यात आणि दिवाणखान्यात, म्हणजे जेथे पुरुष बसत, पाहुणे येत आणि कारकून लिहीत. माजघर काळोखे, कोठार त्याहून काळोखे, बाळंतिणीची खोली तर मुद्दाम काळोखी ठेवलेली. मेणवलीच्या उपलब्ध चित्रांची ह्या दृष्टीने मोजदाद केली तर पुरुषांच्या वावराच्या जागा भरपूर आणि स्त्रियांच्या वावराच्या जागा नगण्य अशी स्थिती दिसते. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. यंत्राच्या सोयीने आपोआप झालेली ही निवड आहे. पण तिचा परिणाम इतिहासावर होतो. वर आम्ही म्हटले की नाना येथे फार राहिले नाहीत. त्यांच्यामागे लहान वयात विधवा झालेल्या जिऊबाईंवर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जे प्रसंग आले ते इतिहासप्रसिद्ध आहेत; पेशवाईच्या अस्तानंतर त्यांचे वास्तव्य मेणवलीस होते. म्हणजे ज्या घराला आपण नानांचा वाडा म्हणतो, त्यात दीर्घ काळ घर चालविले ते एका स्त्रीने. चौकांच्या आणि घाटाच्या प्रत्येक छायाचित्राखाली नानांचे नाव असते. जिऊबाईंचे नाव ज्याखाली लिहिता येईल अशा जागेचे छायाचित्र मिळविण्याचा आपण प्रयत्नच केलेला नाही, असे आम्हांस वाटते.

आणि हे घर मुके नव्हते. मेणवलीच्या वाड्यात नानांच्या कागदपत्रांचा प्रचंड साठा होता. तोच ‘मेणवली दप्तर’ म्हणून संशोधकांना परिचित आहे. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनी जमविलेल्या संग्रहाबरोबर त्यातील कागद साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात आले आणि तेथून १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. कागद वाचले, सूची झाल्या, अभ्यासकांची सोय झाली. ह्याबद्दल कृतज्ञता असावी तेवढी थोडीच. तथापि त्यामुळे एक वियोगही घडला. घर वाईजवळ, कागद पुण्यात, आणि चित्रे ज्याच्या त्याच्या जवळ. कागद वाचणारा घर पाहत नाही, घराची चित्रे काढणारा मोडी वाचीत नाही, आणि शब्दांचा अभ्यास करणारे आम्ही बहुधा कोशाच्या बाहेर पाऊल टाकीत नाही. पेशवेकालीन खर्चाच्या यादीत एखाद्या जागेचा उल्लेख येतो तेव्हा तो तिच्या त्या वेळच्या नावाने येतो. ते नाव चित्राशी जोडले गेले तरच ‘हीच ती जागा’ असे म्हणता येईल.

ह्या विभागातील जे विद्यार्थी अशा वास्तूंची छायाचित्रे प्रबंधाला जोडू इच्छितात, त्यांच्याकडून आमची अपेक्षा फार नाही. चित्र केव्हा आणि कोठे उभे राहून घेतले, तोंड कोणत्या दिशेला, हे लिहावे. त्या जागेला घरचे लोक काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात टिपावे, आणि कागदात दुसरे नाव सापडले तर ते वेगळे लिहावे. दोहोंचे मिश्रण करू नये. ‘रंगमहाल’, ‘दरबार’ असले भरजरी शब्द मार्गदर्शक पाटीवर असले तरी त्यांचा उगम विचारल्यावाचून उचलू नयेत. सुतार आणि गवंडी ह्यांना विसरू नये. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे केलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत, आणि लग, हस्त, तुळई, कडी ह्यांतील भेद बोट ठेवून दाखवू शकणारे त्यांच्याखेरीज फारसे कोणी उरलेले नाही.

एक शब्द तर असा आहे की त्याचे छायाचित्रच घेता येत नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतीत धान्य साठविण्यासाठी पोकळी ठेवलेली असे. तिला बळद म्हणतात. तोंड फळीने बंद केलेले, वरून भिंतीसारखीच भिंत. अशा भिंतीचे उत्तम प्रकाशात, उत्तम भिंगातून घेतलेले चित्र समोर ठेवले तरी आत काही आहे हे कोणालाही कळावयाचे नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईने भिंतीवर हात ठेवून ‘हे बळद’ असे म्हणावे लागते.